रोग नदी ओलांडतो, हक्क का ओलांडीत नाही?

(आदिलाबाद येथील मराठी भाषिक नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजारपणाचे दोन प्रकार आहेत. एक आजारपण पाहुण्यासारखे येते. चार दिवस घर वेठीस धरते आणि निघून जाते. दुसरे पाहुणा म्हणूनच येते, पण पुढे घरमालक होऊन बसते. पहिल्या प्रकाराला लागणारा पैसा माणूस कसाबसा उभा करतो. कोणी बैल विकतो, कोणी डाग गहाण टाकतो, शेजारीपाजारीही हात देतात. दुसऱ्या प्रकारात हे सारे उपाय एकदाच करता येतात. आजार मात्र दर महिन्याला दाराशी उभा असतो. घरे उद्ध्वस्त होतात ती या दुसऱ्या प्रकारच्या आजाराने. आज मला बोलावयाचे आहे ते जन्मभर पुरणाऱ्या या आजारांविषयी, त्यांतील काही अतिदुर्मिळ आजारांविषयी, आणि त्यांवरचा उपचार आपल्या आटोक्यात कसा येईल याविषयी.

प्रथम 'दुर्मिळ' या शब्दाचाच विचार करू. हजार माणसांत एक किंवा त्याहूनही कमी जणांना जडणाऱ्या आजारास जागतिक आरोग्य संघटना दुर्मिळ म्हणते. ही मोजणी जगाची झाली. परंतु जगाच्या पाठीवर ज्याची विरळा गाठ पडते, तोच आजार एखाद्या मुलखात घरोघर आढळतो. आपल्या या मुलखात सिकलसेलचे नेमके तसेच झाले आहे. गोंड, कोलाम, परधान या आदिवासी बांधवांच्या वस्त्यांत तो आहे. पलीकडे विदर्भात तो आदिवासींप्रमाणेच अनेक दलित आणि इतर मागास समाजांतही आहे. तो स्पर्शाने होत नाही, पाण्याने पसरत नाही, कोणाच्या शापाने तर मुळीच येत नाही. तो आईबापांच्या रक्तातून लेकरात उतरतो.

अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी १९१० साली या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तांबड्या पेशींतील रंगद्रव्याच्या रेणूतच दोष आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी नागपूरकडील आढळ प्रसिद्ध केला. म्हणजे आमच्या शेजारच्या शहरात हा आजार नोंदला गेला त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही आमच्या खेड्यापाड्यांतील आई अजून म्हणते, 'पोराला सांधे धरतात, अंग पिवळे पडते, काविळीचे औषध दिले पण गुण नाही.' नोंद पुस्तकात झाली, पण उंबरठ्यापर्यंत पोहोचली नाही.

हा आजार घडतो कसा? रक्तातील गोल, लवचीक तांबडी पेशी या दोषामुळे विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जेथे अडकतात तेथे असह्य वेदना होते, रक्त कमी पडते, आणि लहान मुलाला साधा तापसुद्धा जिवावर बेतू शकतो. आईबाप दोघेही केवळ वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण अंगात दोषाचे एकेक बीज बाळगणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांपैकी एक शक्यता रुग्ण मुलाची, दोन वाहक मुलाची आणि एक पूर्ण निर्दोष मुलाची असते. कार्डावर 'एएस' असे लिहिले तर तो वाहक; 'एसएस' लिहिले तर तो रुग्ण. हा भेद प्रत्येक घरात समजला पाहिजे, कारण वाहक हा आजारी नसतो, आणि त्याला आजारी ठरवून वाळीत टाकणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

आता या प्रश्नातील खरी मेख पाहा. सिकलसेलवरचा रोजचा उपचार महाग नाही! फॉलिक ॲसिडची गोळी काही पैशांत येते. बालवयात पेनिसिलिन आणि लसी, भरपूर पाणी, थंडीपासून आणि अतिश्रमापासून जपणूक, ताप येताच रुग्णालय ही साधी पथ्ये आहेत. वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध जुने आहे, देशातच तयार होते आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यावयाचे असते. मग औषध स्वस्त असताना घर का बुडते?

घर बुडते ते औषधाच्या किमतीने नव्हे, औषधापर्यंतच्या वाटेने. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २०० किलोमीटर. उटनूरच्या डोंगरातील वस्तीवरून निघालेल्या माणसाला आधी रस्त्यावर यावयाचे, मग तालुका, मग जिल्हा, मग शहर. रुग्णाबरोबर एक माणूस सोबतीला लागतो. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. कापूसवेचणीच्या दिवसांत चार दिवस बुडणे म्हणजे वर्षाच्या कमाईला भगदाड पडणे. तेथे जावे तर तपासणी आज, अहवाल परवा, आणि डॉक्टर त्यापुढच्या वारी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. मग माणूस एक फेरी चुकवितो, पुढची टाळतो आणि औषध सुटते. महिन्याभराने झटका येतो, आणि जे काम थोड्या रुपयांत भागले असते त्यासाठी हजारो मोजून खाजगी इस्पितळाची पायरी चढावी लागते. चिवट आजाराचे अर्थशास्त्र एवढेच आहे: लहान खर्च वेळेवर झाला नाही की मोठा खर्च अवेळी येऊन उभा राहतो. मधुमेह, मिरगी, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, सर्वांना हाच न्याय लागू आहे.

या वाटेवर आणखी एक धोंड आहे. ती म्हणजे सीमा.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगणा झाले, २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार तुकडे पडले. नकाशे बदलत गेले. सोयरीक बदलली नाही. जैनद-बेल्याची मुलगी वणी-पांढरकवड्याला नांदते, किनवटचा रुग्ण आदिलाबादला येतो, भैंशाचा नांदेडला जातो. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच रक्त आणि एकच रक्तदोष वाहतो. हक्क मात्र पुलाच्या अलीकडेच थबकतो.

कोणते कार्ड कोठे चालते हे नीट ध्यानात घ्या, कारण यातील अज्ञानाने लोकांची फेरी फुकट जाते. आरोग्यश्री ही तेलंगणा राज्याची योजना. संयुक्त आंध्रात २००७ साली ती सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला १० लाख रुपये केली. पलीकडे महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचा लाभ महाराष्ट्राच्या रहिवाशास आहे. एका राज्याचे कार्ड घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला सहसा रिकाम्या हाताने परतावे लागते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मात्र देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात चालावे अशी तरतूद आहे, आणि तेलंगणा २०२१ पासून त्या योजनेत सामील आहे. म्हणून ज्या कुटुंबाचे नाव त्या यादीत आहे त्याने ते कार्ड काढून ठेवावेच. निघण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे: हा उपचार येथे बसतो काय, आणि हे कार्ड येथे चालते काय? एक फोन दोन दिवसांची मजुरी वाचवितो.

तरीही एक उणीव उरतेच. या साऱ्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी आखलेल्या आहेत. शस्त्रक्रियेला लाखो रुपये मिळतात. रोजच्या गोळीला, रक्ततपासणीला आणि एसटीच्या तिकिटाला कोणी विचारीत नाही. ज्याला आयुष्यभर गोळी घ्यावयाची त्याला दाखल होण्याचीच वाट पाहावयास लावणे, म्हणजे घराला आग लागल्याशिवाय पाणी देणार नाही असे म्हणण्यासारखे आहे.

सिकलसेलपुरती एक वाट आता मोकळी झाली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास आरंभ झाला. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा त्याचा संकल्प आहे. त्या सतरांत तेलंगणा आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. संकल्प मोठा आहे, पण केवळ तपासणीने रोग हटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ नंतर सिकलसेलची शास्त्रशुद्ध पाहणी केली. परंतु लोकांना ती आपली गरज वाटली नाही, हा धडा बंग यांनी स्वतःच वारंवार सांगितला आहे. ज्या रोगाचे नाव कळते पण औषध जवळ मिळत नाही, त्याची चिठ्ठी घेऊन माणूस करणार काय? तपासणीची चिठ्ठी आणि औषधाची पुडी एकाच दारात मिळाली पाहिजे.

आता खऱ्याखुऱ्या दुर्मिळ आणि अतिमहाग आजारांकडे वळू. गौशे, विल्सन, पाठीच्या कण्यातील चेतापेशी झिजून स्नायू लुळे पाडणारा एसएमए ही त्यांतील काही नावे. एखाद्या घरात असे मूल जन्मले की आईबापांना वाटते, आता आभाळच फाटले, ठिगळ कोठे लावणार? त्यांच्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजार धोरण जाहीर केले, आणि २०२२ मध्ये मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपये केली. ही रक्कम रुग्णाच्या हाती पडत नाही. ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रामार्फत उपचारावर खर्च होते. आरंभीच्या आठ केंद्रांत हैदराबादची सीडीएफडी संस्था व निम्स रुग्णालय मिळून एक, आणि मुंबईचे केईएम हे दुसरे आहे. म्हणून अशा पालकांनी देणगीसाठी दारोदार फिरण्याआधी हैदराबादच्या केंद्रात मुलाची नोंद करावी. हे पहिले काम. बाकी सारे नंतर.

परंतु पन्नास लाख ही रक्कमही जन्मभराच्या औषधास पुरत नाही. खरा उपाय किंमत उतरण्यात आहे, आणि किंमत उतरते हे आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले आहे. विल्सन आजारावरील ट्रायएन्टिन या औषधाचा लहान मुलाचा वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी २० लाख रुपये होता. भारतीय कंपन्यांनी ते बनविल्यावर तो सुमारे २ लाख २० हजारांवर आला, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले. एसएमएवरील रिसडिप्लामची एक बाटली सहा लाखांच्या वर होती. २०२५ च्या ऑक्टोबरात न्यायालयीन लढाईनंतर हैदराबादच्याच नॅटको कंपनीने ती १५,९०० रुपयांना बाजारात आणली. त्याआधी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचा पेटंटचा दावा फेटाळला, आणि महिन्याला लाखाच्या घरात जाणाऱ्या औषधाची काही हजारांतील देशी गोळी शाबूत राहिली. तात्पर्य, औषध बनविण्यास येणारा खर्च वेगळा आणि मक्तेदारीने लावलेली किंमत वेगळी. ज्या हैदराबादेत जाण्यासाठी आमच्या रुग्णाजवळ भाडे नसते, त्याच हैदराबादेत जगातील महागडे औषध स्वस्त करणारे कारखाने आहेत! औषध कारखान्यात स्वस्त झाले. ते आमच्या वस्तीपर्यंत स्वस्त राहिले पाहिजे.

मग आपण मागावे काय? पहिली मागणी अशी: सिकलसेल, मिरगी, मधुमेह यांसारख्या जन्मभराच्या आजारांची ठरलेली औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदम दोन-दोन महिन्यांची मिळावीत, आणि आवश्यक ती रक्ततपासणी तेथे किंवा फार तर येथील रिम्स रुग्णालयात एकाच फेरीत व्हावी. दुसरी: सीमेवरील रुग्णांपुरता दोन्ही राज्यांनी परस्पर करार करावा. आदिलाबादचे कार्ड नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड येथील शासकीय रुग्णालयांत चालावे आणि किनवट-माहूरचे कार्ड आदिलाबादेत चालावे. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने कर्नाटकातील ८६५ मराठी गावांना आपली जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावर पलीकडून आक्षेपही आला. एका राज्याने एकट्याने निर्णय घेतला तर वाद होतो. दोघांनी मिळून घेतला तर वाद राहणार नाही. जिवती आणि केरामेरी यांच्यामधील ज्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तेथे घरोघरी दोन-दोन रेशनकार्डे आणि दोन-दोन मतदार ओळखपत्रे आहेत. ज्यांना माणसे मतांसाठी दोन्हीकडची चालतात, त्यांना ती औषधासाठी का चालू नयेत?

तिसरी मागणी भाषेची. दुखणे ज्या भाषेत दुखते त्याच भाषेत ते डॉक्टरला सांगता आले पाहिजे. 'ठणका', 'कळ', 'चमक' आणि 'शिणवा' यांतला फरक दुभाष्याच्या एका शब्दात मावत नाही. येथील रुग्णालयांत मराठी जाणणारा आरोग्यमित्र असावा असे आपण म्हणतो; तितक्याच ठामपणे गोंडी आणि कोलामी जाणणारा असावा असेही म्हटले पाहिजे. स्वतःपुरता मागितला तो हक्क नव्हे, तो स्वार्थ झाला.

मागण्या झाल्या, आता कर्तव्य. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण खरी आहे, पण ते सहा महिने हात जोडून बसण्यासाठी नाहीत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आसमंतात डॉ. उल्हास जाजू यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात एक प्रयोग उभा केला. गावकऱ्यांनी सुगीच्या वेळी ज्वारी द्यावयाची. ज्याची जमीन मोठी त्याने जास्त, ज्याची थोडी त्याने थोडी. आजारपणात मात्र ज्याला जेवढी गरज तेवढा उपचार त्याला मिळावयाचा. पैशाने नव्हे तर पायलीने भरलेला हा विमा! येथे ज्वारी पिकते, कापूस पिकतो. मन पिकले पाहिजे. कापसाच्या हंगामात प्रत्येक गाडीमागे थोडी रक्कम वेगळी काढून गावाने रुग्णांच्या प्रवासाचा निधी करणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. थेंबे थेंबे तळे साचते. पण थेंब पडण्यासाठी भांडे आधी मांडावे लागते.

शहरातील शिकल्यासवरल्या तरुणांनी आठवड्यातून एक दिवस रुग्णालयाच्या दाराशी बसावे. अर्ज भरून द्यावेत, तेलुगू कागद मराठीत समजावून सांगावा. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे; त्याचे प्रमाणपत्र काढून द्यावे. या रुग्णांना शासकीय रक्तपेढीतून रक्त विनाशुल्क मिळावे असा केंद्रीय नियम आहे, आणि रेल्वेच्या भाड्यात सवलतही आहे. हे किती जणांना ठाऊक आहे? जन औषधी केंद्रांतील गोळ्या कंपनीच्या नावाच्या गोळ्यांपेक्षा बहुधा निम्म्याहून स्वस्त असतात. डॉक्टरांकडे औषधाचे मूळ नाव लिहून मागण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि रक्तदान वर्षातून एकदा जयंतीच्या दिवशी, छायाचित्रापुरते करून भागत नाही. रुग्णाला रक्त बाराही महिने लागते.

एक नाजूक गोष्ट सांगतो. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेसराम कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घालण्याची प्रथा आहे. तीन-चार राज्यांतील आप्त तेथे एकत्र येतात. अशा वेळी समाजाच्या पटेलांनी आणि वडीलधाऱ्यांनी स्वतः पुढे होऊन तरुणांना रक्ततपासणी सांगितली, तर ते काम सरकारच्या शंभर पत्रकांनी होणार नाही इतके होईल. सोयरीक ठरण्याआधी दोघांचीही कार्डे पाहावीत. दोघेही वाहक निघाले तर त्यांना डॉक्टरी सल्ला मिळावा. निर्णय त्यांचा असावा. पत्रिकेतले छत्तीस गुण आपण जुळवून पाहतो. रक्ताचा एक गुण पाहिला तर बिघडते कोठे? मात्र तपासणीच्या नावाखाली एखाद्या मुलीला नाव ठेवले जाणार असेल, तर ती तपासणी न झालेली बरी.

मित्रहो, सीमेचा प्रश्न जेव्हा सुटेल तेव्हा सुटेल. त्यासाठी आयोग बसतील, खटले चालतील, नकाशे पसरले जातील. रुग्ण तोवर थांबू शकत नाही. त्याची गोळी उद्या सकाळची आहे. रेषा कोठे असावी यावर दोन राज्यांचे मतभेद असू शकतात; परंतु त्या रेषेवर कोणाचे लेकरू औषधावाचून तळमळू नये, यावर मतभेदाला जागाच नाही. तेवढ्यापुरते दोन्ही सरकारांना एका मेजाशी बसविणे, आणि ती बसेपर्यंत आपल्या गल्लीतील एका रुग्णाची तरी जबाबदारी आपण उचलणे, एवढे या सभेतून प्रत्येकाने पत्करावे अशी माझी हात जोडून विनंती आहे.